घड्याळाची दुसरी आवृत्ती

घड्याळ हे वेळ पाहण्यासाठी असते, असा माझा परवापरवापर्यंत प्रामाणिक समज होता. गणपतीच्या सुट्टीत बंगलोरहून घरी आलेल्या आमच्या चिरंजिवांनी तो पार मोडून काढला.

रात्रीची जेवणे आटोपली होती. आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून सुपारी कातरीत होती, सौभाग्यवती दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी नारळ खवत होत्या, आणि मी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याशी झटत होतो. चिरंजिवांनी आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि विचारले, "बाबा, ओळखा पाहू, हे कुणाचं घड्याळ?"

पडद्यावर एक मनगटी घड्याळ होते. पांढरट तबकडी, आकड्यांच्या जागी बारीक सोनेरी काड्या, सहाच्या जागी सेकंदकाट्याचे चिमुकले वर्तुळ आणि काळा कातडी पट्टा. मी क्षणभर चकितच झालो. "अरे, हे तर अण्णांचं!"

"अण्णांचं नाही, अण्णांच्यासारखं. अगदी नवं कोरं आहे. जुन्या घड्याळांच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या काढतात आता कंपन्या. दिवाळीला तुम्हाला एक घ्यावं म्हणतोय."

आईने अडकित्ता खाली ठेवला आणि हात पुढे केला. पुढच्या चित्रात ते घड्याळ कुणा गृहस्थाच्या मनगटावर बांधलेले होते. ते तिने चष्मा सारखा करून नीट न्याहाळले आणि मोबाइल परत देत म्हणाली, "छे! ह्यांचं एवढं थोराड कुठं होतं?"

चिरंजिवांनी खाली दिलेली मापे वाचून दाखविली. रुंदी ३८ मिलिमीटर. मी उठलो, कपाटातून अण्णांचे घड्याळ काढले आणि त्याला पट्टी लावली. ३४ भरले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला जे चार मिलिमीटर दिसले, ते मला दिसले नव्हते!

हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मानगुटीवर बसला. चिरंजीव बंगलोरला परतले, गणपती गेले, नवरात्र आले, तरी तो उतरेना. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. तो सगळा मी घड्याळांविषयी वाचण्यात घालविला.

या आवृत्त्यांची टूम निघाली कशी, हे कळण्यास थोडे मागे जावे लागते. १९६९ साली २५ डिसेंबरला जपानच्या सीको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' नावाचे घड्याळ विक्रीला काढले. क्वार्ट्झवर चालणारे ते पहिले मनगटी घड्याळ. त्याला किल्ली द्यावी लागत नसे आणि ते किल्लीच्या कोणत्याही घड्याळापेक्षा काटेकोर चाले. पहिले घड्याळ फार महाग होते. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की, पिढ्यान्पिढ्या डोळ्याला भिंग लावून चाके बसविणाऱ्या स्वित्झर्लंडच्या गावांत हाहाकार उडाला. १९७० च्या सुमारास त्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. १९८० नंतरच्या काही वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. कारखाने बंद पडले, यंत्रे भंगारात गेली. जुने घड्याळ पुन्हा बनवावे अशी इच्छा आज कुणाला झाली, तरी ते ज्यावर बनत होते ती हत्यारे कुठे आहेत?

एके ठिकाणी मात्र ती होती. ही हकीकत मला इतकी आवडली की ती मी घरात तीनदा सांगितली. सौभाग्यवतींच्या मते चारदा.

ल लोक्ल नावाच्या गावी झेनिथ कंपनीचा कारखाना आहे. या कंपनीने १९६९ च्या जानेवारीत 'एल प्रिमेरो' नावाचे यंत्र जाहीर केले होते. हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे, शर्यतीच्या वेळा मोजता येणारे आणि तासाला ३६ हजार ठोके देणारे असे ते नामी यंत्र होते. पुढे कंपनीची मालकी शिकागोच्या एका रेडिओ-टेलिव्हिजनच्या कंपनीकडे गेली. जमाना क्वार्ट्झचा आहे, तेव्हा चाकांची घड्याळे बंद करा आणि हत्यारे भंगाराच्या भावाने विकून टाका, असा हुकूम १९७५ साली सुटला. कारखान्यात शार्ल व्हेर्मो नावाचा एक जुना कारागीर होता. त्याने वरिष्ठांना पत्र लिहून विनवणी केली. तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा या गृहस्थाने काय करावे? त्याने साचे, कापण्याची हत्यारे, सुमारे दीडशे दाबयंत्रे, एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेऊन दडविली! नुसती दडविली नाहीत, तर कोणता भाग कोणत्या हत्याराने कसा करावयाचा, हे वहीत टिपून ठेवले. नऊ वर्षांनी, १९८४ साली, चाकांच्या घड्याळांना पुन्हा मागणी येऊ लागली, तेव्हा झेनिथला नव्याने काही उभारावे लागले नाही. माळ्यावरचे खाली आणले आणि काम सुरू केले. १९८८ पासून तर दस्तुरखुद्द रोलेक्सने आपल्या 'डेटोना' घड्याळासाठी हेच यंत्र, आपल्या पद्धतीने बदलून, वापरले.

ह्याच झेनिथने २०१९ साली आपल्या १९६९ च्या एका घड्याळाची नवी आवृत्ती काढली. 'ए-३८४' हे त्याचे नाव. रुंदी जुन्याइतकीच, ३७ मिलिमीटर. आतले यंत्रही त्याच घराण्यातले. फरक इतकाच की, काच प्लॅस्टिकची न ठेवता नीलमण्याची, म्हणजे ओरखडा न पडणारी, घातली आणि पाठीमागून यंत्र दिसावे म्हणून तिथेही काच बसविली. हुबेहूब या शब्दाला हे घड्याळ बरेच जागले, असे मला वाटते. पण सर्वांकडे माळा नसतो आणि माळ्यावर चढणारा व्हेर्मोही नसतो.

ओमेगा कंपनीचे उदाहरण घ्या. तिने १९५७ साली तीन घड्याळे काढली होती: मोटारींच्या शर्यतीसाठी 'स्पीडमास्टर', पाणबुड्यांसाठी 'सीमास्टर ३००' आणि विजेच्या लोहचुंबकी वातावरणात काम करणाऱ्यांसाठी 'रेलमास्टर'. साठ वर्षे झाली म्हणून २०१७ साली तिन्हींची नवी आवृत्ती निघाली, प्रत्येकाच्या ३५५७ प्रती. जुनी घड्याळे उघडून मापे घेण्याऐवजी, इस्पितळात रोग्याचे सी. टी. स्कॅन करतात तसे त्यांचे केले आणि त्याबरहुकूम नवी घडविली. बाह्यरूप इतके जमले की पाहत राहावे. पण पाणबुड्याच्या आणि रेल्वेच्या घड्याळांत यंत्र घातले ते आजचे, आपोआप किल्ली बसणारे. म्हणजे वाडा पेशवाई आणि आत लिफ्ट! माझी त्याला हरकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लिफ्ट हवीच असते. हरकत आहे ती निराळ्या गोष्टीला.

जुन्या घड्याळांच्या काट्यांवर आणि ठिपक्यांवर अंधारात चमकणारा रंग असे. आपण त्याला 'रेडियमचं घड्याळ' म्हणत होतो, आणि त्या काळी त्यात खरोखरच रेडियम असे. ते आरोग्याला घातक ठरल्याने त्याची जागा पुढे ट्रिशियमने घेतली, आणि आता तर किरणोत्सर्गी नसलेला रंग वापरतात. १९५७ साली दुकानातून बाहेर पडताना हे ठिपके फिकट, ताजे होते. साठ वर्षांच्या उन्हापावसाने त्यांना चहाच्या डागासारखा पिवळसर-तांबूस रंग चढला. हौशी लोकांना या म्हाताऱ्या रंगाची भारी ओढ. म्हणून कंपन्या काय करतात, तर नव्या कोऱ्या घड्याळाच्या ठिपक्यांना कारखान्यातच तो चहाचा रंग देतात! ओमेगाच्या त्या तिन्ही घड्याळांत असा रंग आहे, आणि असे करणारी ती एकटी कंपनी मुळीच नव्हे.

हे इमान कुणाशी? १९५७ च्या घड्याळाशी तर नव्हे. कारण ते जन्मले तेव्हा असे नव्हते. हे म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात आठ वर्षांच्या पोराला पांढरी दाढी लावून 'भीष्म' म्हणून उभे करण्यापैकी झाले. दाढी लावण्यास हरकत नाही, पण ती नाटकात.

जपानी लोकांनी मापाच्या बाबतीत थोडी सूट घेतली. 'ग्रँड सीको' हे त्यांचे पहिले उंची घड्याळ १९६० सालचे, रुंदीला ३५ मिलिमीटरच्या आसपास. २०१७ साली त्याचा पुनर्जन्म झाला तेव्हा ते ३८ चे झाले. कारण उघड आहे. आजच्या तरुणाला ३५ चे घड्याळ बायकी वाटते. आमच्या वडिलांच्या पिढीतील पैलवानसुद्धा ३४ चे घड्याळ बांधीत आणि त्यांना कुणी बायकी म्हणण्याची छाती केली नाही, हे या तरुणांना सांगावयाचे कुणी? उलट अमेरिकेच्या टाइमेक्स कंपनीने धारिष्ट दाखविले. १९६० नंतरच्या दशकातले तिचे 'मार्लिन' हे साधे, रोज किल्ली द्यावयाचे घड्याळ २०१७ साली पुन्हा निघाले ते ३४ मिलिमीटरचेच, तारखेच्या खिडकीवाचून, आणि किंमत १९९ डॉलर. आतले यंत्र चिनी होते म्हणून काहींनी नाक मुरडले. मला विचाराल तर, यंत्र चिनी असूनही हे घड्याळ आपल्या मूळ स्वभावाशी अधिक प्रामाणिक आहे. ते साध्या माणसाचे घड्याळ होते. साध्या माणसाचेच राहिले.

तारखेच्या खिडकीवरूनही मोठी रणे माजतात. लाँजीन कंपनीच्या १९६० च्या सुमाराच्या पाणबुडी घड्याळाची आवृत्ती २००७ साली आली. पुढे तिच्या तबकडीत तारखेची खिडकी फोडली, आणि जुन्याचे चाहते इतके हळहळले की २०२३ साली कंपनीने पुन्हा बिनतारखेचे काढले. मी चाहत्यांच्या बाजूचा आहे. तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात पाहावी.

आता या आवृत्त्यांना सरसकट विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, १९५७ साली ज्यांनी ती घड्याळे काढली, ते काही १८९७ ची नक्कल करीत नव्हते. ते आपल्या काळाचे घड्याळ काढीत होते. मग आजच्या कारागिरांनी आजोबांच्या वह्या का गिरवाव्यात? हा टोला बिनतोड आहे. दरवर्षी एक जुने चित्र काढावयाचे, त्याला नवी काच लावावयाची आणि 'वारसा' म्हणून विकावयाचे, हा सोपा धंदा झाला आहे खरा. पण मला वाटते, नक्कल किती खोल गेली आहे, हे पाहून बोलावे. ओमेगाचेच दुसरे उदाहरण देतो. चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टर घड्याळांत '३२१' क्रमांकाचे यंत्र असे. १९६८ साली त्याच्या जागी दुसरे, बनविण्यास सोपे, असे यंत्र आले. २०१९ साली कंपनीने ते जुने ३२१ पुन्हा बनविण्यास घेतले. त्यासाठी १९७२ साली चंद्रावर उतरलेल्या यूजीन सर्नन यांच्या स्वतःच्या घड्याळाचे स्कॅन केले, निराळी कार्यशाळा उघडली आणि एकेका घड्याळाचे यंत्र एकाच कारागिराने पहिल्या चाकापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत जुळवावे, अशी व्यवस्था केली. याला मी वही गिरविणे म्हणणार नाही. पन्नास वर्षे कुणी न केलेले काम हाताला पुन्हा शिकवावे लागले असेल. असे घड्याळ अर्थातच आपल्या आवाक्याबाहेरचे. पण कारागिरी जिवंत राहिली तर त्यात आपले काय बिघडले?

येथवर वाचन चालले होते ते पाहुण्याच्या लग्नात जेवावे तसे, अलिप्तपणाने. पण वाचता वाचता मुंबईचे नाव आले आणि माझा घास अडकला.

मुंबईचा आणि स्विस घड्याळांचा संबंध जुना. अण्णांचे घड्याळ ज्या फेवर-ल्युबा कंपनीचे, तिचे मूळ पुरुष आब्राम फाव्र यांनी १७३७ साली ल लोक्लमध्ये काम सुरू केले, आणि १८६५ च्या सुमारास त्यांच्या वंशजांनी मुंबईत पाय रोवला. एक काळ असा होता की मध्यमवर्गी घरात जावयाला घड्याळ द्यावयाचे म्हणजे ते फेवर-ल्युबाच. याच कंपनीने १९६२ साली डोंगरावर चढणाऱ्यांसाठी उंची दाखविणारे 'बिवॅक' नावाचे मनगटी घड्याळ काढले होते. क्वार्ट्झच्या वादळात तीही कोलमडली. नाव अनेक हातांतून फिरले, २०११ साली आपल्या टाटांच्या टायटनकडे आले, तेथूनही पुढे गेले, आणि २०२४ साली जिनिव्हात ते पुन्हा झळकले. नव्या घड्याळांबरोबर काही जुन्यांच्या आवृत्त्याही त्यात आहेत.

पण मी अडखळलो तो निराळ्या मजकुराशी. परदेशातले जुन्या घड्याळांचे शौकीन एकमेकांना एक इशारा देतात: 'मुंबई स्पेशल'पासून सावध राहा. मुंबई स्पेशल म्हणजे काय? जुने स्विस घड्याळ घ्यावयाचे, त्याची डागाळलेली तबकडी घासून पुसून काढावयाची, तिच्यावर झगझगीत रंग चढवून नाव पुन्हा छापावयाचे, काटे दुसऱ्या घड्याळाचे, किल्ली तिसऱ्याची लावावयाची आणि 'जुने, पण नव्यासारखे' म्हणून ते परदेशी पाठवावयाचे. आपल्या एच. एम. टी. चीही हीच गत झाली आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला सुरू झालेला तो कारखाना. 'जनता' हे सतरा ज्वेलचे, रोज किल्ली द्यावयाचे घड्याळ कित्येक कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या मनगटावर असे, आणि 'जनता' ही अक्षरे तबकडीवर चक्क देवनागरीत असत. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. लगेच जुन्या 'जनता'ला मागणी आली, आणि कंपनीने जन्मात न काढलेल्या पोपटी, गुलाबी, जांभळ्या तबकड्यांची 'जनता' बाजारात आली.

हे वाचताना मी हसावयास हवे होते. पण मला हसू आले नाही. कारण एक मुंबई स्पेशल माझ्या कपाटात आहे, आणि ते मीच करवून घेतले आहे.

अण्णांचे घड्याळ त्यांना १९६१ च्या मे महिन्यात लग्नात मिळाले. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ते मुंबईहून आणले होते. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ जुलैला, पानशेतचे धरण फुटले. आमचे बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत होते. पाणी चढू लागले तेव्हा तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला वर आणण्यासाठी अण्णा छातीइतक्या पाण्यात उतरले आणि हातातले घड्याळ काढावयाचे त्यांना भान राहिले नाही. घड्याळ बंद पडले. पुढे ते साफ करून चालू झाले. पण तबकडीवर चाराच्या जवळ अर्धचंद्राएवढा तपकिरी डाग राहिला तो राहिलाच. आमच्या घरात त्याला 'पानशेतचा डाग' म्हणत. लहानपणी आम्हा भावंडांना अण्णा मनगट पुढे करून तो दाखवीत, आणि आई ती हकीकत सांगे. अण्णा स्वतः सांगत नसत, ते नुसते ऐकत आणि मधूनच म्हणत, "छातीइतकं नव्हतं गं, कमरेइतकं होतं." त्यावर आई म्हणे, "तुम्ही पाण्यात होतात. मी वरून पाहत होते."

अण्णा २००८ साली गेले. वर्षश्राद्धाच्या आधी मला वाटले, घड्याळ नीट करून घ्यावे आणि आईला दाखवावे. मी ते एका घड्याळजीकडे नेले. त्याने झाकण उघडून पाहिले, मशीन उत्तम आहे म्हणाला, आणि विचारले, "डायलचं काय करू?" मी म्हणालो, "अगदी नव्यासारखं करून द्या."

त्याने अगदी नव्यासारखे करून दिले.

तबकडी दुधासारखी पांढरी झाली होती. सोनेरी काड्या चमकत होत्या. कंपनीचे नाव पुन्हा छापले होते. अक्षरे मूळच्यापेक्षा किंचित जाड आणि एका बाजूला कललेली. मी ते मोठ्या हौसेने आईच्या हातात ठेवले. तिने ते खिडकीशी नेले, उजेडात धरले, उलटसुलट केले, आणि विचारले, "अरे, डाग कुठं गेला?"

त्या घड्याळजीला मी कधी दोष दिला नाही. जे मागितले ते त्याने दिले, आणि दामही रास्त घेतले. त्याच्या दृष्टीने तो डाग होता. मला मात्र ठाऊक होते की तो काय होता, आणि तरीही तो शब्द माझ्याच तोंडून गेला. आई त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. पानशेतची हकीकतही त्यानंतर तिने फारशी सांगितली नाही. दाखवावयाला काही उरले नव्हते.

म्हणून या आवृत्त्यांच्या वादात मी आता कोणत्या बाजूचा आहे, हे सांगणे मला सोपे जाते. मी त्यांच्या बाजूचा आहे. २००९ साली मला हवे होते ते झगझगीत, नवे, अण्णांच्यासारखे घड्याळ. तसे एखादे चांगले, आवाक्यातले, दुकानात मिळाले असते, तर माझी हौस तिथे फिटली असती आणि कपाटातले घड्याळ डागासकट सुखाने राहिले असते. जुन्याला रंग फासण्याचा मोह नव्याची वाण पडली की होतो. वाड्याच्या सागवानी खांबांना ऑइलपेंट फासणारे आम्हीच. पण मग नव्याने नवे असावे. त्याला चहाचा रंग देऊन म्हातारे करणे आणि मी केले तसे म्हाताऱ्याला रंगवून तरणे करणे, ही एकाच नाण्याची दोन अंगे झाली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते तेव्हा मजकुराला हात न लावताही आतल्या पानावर 'आवृत्ती दुसरी' म्हणून साल छापतात. पाने मुद्दाम वाळवीला देत नाहीत!

आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे, हे ओमेगाच्याच एका फजितीवरून ध्यानात येईल. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या एका लिलावात १९५७ चे एक मूळ स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकांहून अधिक किमतीला गेले. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी. आपल्या संग्रहालयासाठी तिने ते घेतले. २०२३ साली उघडकीस आले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनविलेले होते, आणि त्यात आपल्याच काही माजी नोकरांचा हात असल्याचे कंपनीने जाहीर केले. त्या घड्याळाची ख्याती होती ती त्याच्या जुन्या, तपकिरी पडलेल्या तबकडीमुळे! जिथे ज्या कारखान्यात घड्याळ जन्मले त्यालाच ते ओळखता येईना, तिथे तुमची-आमची काय कथा? नवी आवृत्ती आणि जुनी वस्तू यांच्यामधली रेघ कंपन्यांनी ठळक राखली, तर ती त्यांच्याच पथ्यावर पडेल.

लोकांना असे वाटते की हुबेहूब म्हणजे सगळेच तसेच. मला तसे वाटत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात जुन्या घड्याळाच्या काचेखाली वाफ धरे. ती नव्यातही धरावी, असा हट्ट कोण धरील? आतली रबरी कडी चांगली घाला, पाणी शिरू देऊ नका, कमान न तुटणारी घाला. डोळ्याला दिसते आणि हाताला लागते ते मात्र बदलू नका. माप तेच हवे. रोज सकाळी किल्ली देण्याचे ते अर्धे मिनिटही हवे. अण्णा सात वाजताच्या बातम्यांना किल्ली देत. अजून ते घड्याळ मी त्याच वेळी किल्ली देऊन ठेवतो, आणि तेवढे अर्धे मिनिट घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

हे सारे मी चिरंजिवांना लांबलचक पत्राने कळविले. म्हणजे पत्र मीच म्हणतो. ते मोबाइलवर पाठविले. ३४ मिलिमीटर, किल्लीचे, तारखेवाचून, ठिपके पांढरे, पाठीवर साल. उत्तर आले: "बाबा, असं मिळेपर्यंत पुढची दिवाळी येईल."

मिळाले मात्र दसऱ्याच्या आतच. त्याचा फोन आला. "पाठीवर नाव कोरून देतात. अण्णांचं घालू का?"

"अण्णांचं नको."

"मग तुमचं?"

"माझंही नको. मी अण्णांचंच बांधीन. हे तू बांध. तुझं नाव घाल आणि यंदाचं साल घाल."

पलीकडे तो थोडा वेळ काही बोलला नाही. आई आतून ऐकत होती. ती म्हणाली, "आणि पट्टा कातडी घेऊ नको म्हणावं. पावसाळ्यात कुजतो."